दख्खनला न आलेला कवी

होर्मुझच्या बंदरात दख्खनकडे निघालेलं गलबत उभं होतं आणि इराणातल्या शिराझचा एक कवी त्यात चढला होता. गुलबर्ग्याच्या बहामनी दरबाराने त्याला बोलावणं धाडलं होतं, सोबत वाटखर्चही. त्यातले काही पैसे घरच्यांसाठी आणि देणी फेडण्यात गेले. उरलेले त्याने वाटेत लार गावी भेटलेल्या एका कंगाल झालेल्या मित्राच्या हाती ठेवले. मग हिंदुस्थानकडे निघालेल्या दोन व्यापाऱ्यांनी त्याचा खर्च उचलला आणि त्याला होर्मुझला आणलं. गलबत सुटायच्या आधीच समुद्र खवळला. कवीने काहीतरी निमित्त सांगितलं, तो किनाऱ्यावर उतरला आणि सरळ घरी परतला. स्वतःऐवजी त्याने दख्खनला एक गझल पाठवली.

कवी म्हणजे हाफिज. बोलावणारा सुलतान मुहम्मदशाह दुसरा, ज्याने १३७८ ते १३९७ या काळात राज्य केलं. हकीकत सांगणारा फरिश्ता हा इतिहासकार. फरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर इराणातून अहमदनगरला आला आणि पुढे विजापूरच्या दरबारात राहून त्याने आपला मोठा ग्रंथ लिहिला. हाफिज जाऊन तोवर दोनशे वर्षं उलटली होती, त्यामुळे या गोष्टीतले बारकावे किती खरे मानायचे हे ज्याने त्याने ठरवावं. गझल मात्र हाफिजच्या दिवाणात, म्हणजे कवितासंग्रहात, आहे, आणि फारसी प्रेमकाव्य शेकडो वर्षं का टिकलं हे समजून घ्यायला ही सात शेरांची, म्हणजे दोन-दोन ओळींच्या सात कडव्यांची, एकच रचना मला पुरेशी वाटते. तीच घेऊन बसू.

तिची पहिली ओळ अशी:

दमी बा गम ब सर बुर्दन जहाँ यकसर नमी अर्झद

(उच्चार आपल्याकडच्या जुन्या फारसी पद्धतीचा आहे, आजचा इराणी माणूस ‘नेमी अर्झद’ म्हणेल.) अर्थ असा: एक क्षणही दुःखात काढावा एवढी या सगळ्या जगाची किंमत नाही. लगेच पुढची ओळ सांगते, आमची ही फकिरी गोधडी विकून दारू घे, तिचं याहून चांगलं काही होणार नाही.

‘नमी अर्झद’ म्हणजे ‘एवढ्या मोलाचं नाही’. यातला ‘अर्झ’ आणि संस्कृतातला ‘अर्ह’ ही जुन्या नात्याची भावंडं आहेत; आपली ‘अर्हता’ त्याच घरातली. ‘नमी अर्झद’ हे दोन शब्द प्रत्येक शेराच्या शेवटी परत येतात. हा रदीफ. त्याच्या आधी दरवेळी ‘अर’ने संपणारा शब्द येतो: यकसर, बेहतर, सर, गौहर, लश्कर, झर. हा काफिया. मराठी गझल वाचणाऱ्यांना हे ठाऊक असतं, पण रदीफ करतो काय, याचा विचार आपण क्वचित करतो. इथे तो तराजूसारखा आहे. कवी दर शेरात एका पारड्यात काहीतरी ठेवतो: जग, नमाजाची चटई, मुकुट, मोती, जगज्जेत्याचा आनंद. दुसऱ्या पारड्यात त्याची किंमत. आणि दरवेळी तोच निकाल: नाही, एवढं मोल नाही. पहिल्या दोन शेरांनंतर ऐकणाऱ्याला शेवट आधीच कळलेला असतो, उत्सुकता उरते ती पारड्यात आता काय पडणार याची. मैफिलीत श्रोते शेवटचे शब्द कवीच्या आधी म्हणतात ते यामुळेच. पाठ न करता पाठ होणारी कविता ती हीच.

आता लय बघा. द-मी-बा-गम, ब-सर-बुर-दन, ज-हाँ-यक-सर, न-मी-अर-झद. लगागागा, म्हणजे एक लघु आणि तीन गुरू, चार वेळा. हे आपलं वियद्गंगा वृत्त आहे, मराठी गझलेत वारंवार येणारं. सहजच मांडून बघितलं तर मराठीत ओळ अशी पडते:

क्षणाच्या वेदनेलाही जगाचे मोल ना साजे

मूळ अर्थाला ही थोडी तिरकी जाते, पण चाल तीच. ही वाट मराठीत कोणी पाडली तेही सांगायला हवं. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात फारसी शिकवत. १९२५ साली त्यांनी फार्शी-मराठी कोश काढला, उमर खय्यामच्या रुबाया, म्हणजे चार ओळींच्या कविता, मराठीत आणल्या, आणि १९३३ साली त्यांची ‘गज्जलांजली’ आली. आज मराठीत गझल लिहिणारा प्रत्येक जण, त्याला माहीत असो वा नसो, त्या फारसीच्या वर्गातून गेलेला आहे.

गझलेची दुसरी गोष्ट नव्या वाचकाला गोंधळात टाकते. शेरांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही. पहिल्यात फकिराची गोधडी, चौथ्यात राजमुकुट, पाचव्यात समुद्र. कथा नाही, प्रवास नाही. ‘कवीला नेमकं म्हणायचंय काय?’ असा प्रश्न पडतो. उत्तर असं की दर शेर आपल्या पायांवर उभा असतो, आणि सगळे मिळून एक सूर धरतात. याचा फायदा टिकण्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. एक शेर सुटा काढून खिशात टाकता येतो. पत्रात, भांडणात, निरोपाच्या वेळी, औषधासारखा वापरता येतो. दीर्घ काव्य टिकायला ग्रंथालय लागतं, शेराला एक स्मरणशक्ती पुरते. हाफिजने आपला दिवाण स्वतः संकलित केला नव्हता. तो गेल्यावर ओळखीच्यांनी विखुरलेल्या गझला जमवल्या. म्हणून तर हस्तलिखितांत शेरांचा क्रम बदलतो, शब्दही बदलतात, तरी गझल मोडत नाही.

शेवटच्या शेरात कवीचं नाव येतं, तेही आपल्याला परकं नाही. ‘तुका म्हणे’ ऐकत वाढलेल्या कानाला ‘चु हाफिज’ (हाफिजसारखा) लगेच ओळखता येतं.

आता खरी गंमत सुरू होते, प्रेमाची. सहावा शेर असा आहे:

तुरा आँ बिह कि रू-ए खुद झ मुश्ताकाँ बिपूशानी
कि शादी-ए जहाँगीरी गमे लश्कर नमी अर्झद

तू आपला चेहरा झुरणाऱ्यांपासून झाकावास हेच बरं. कारण जग जिंकण्याच्या आनंदाची किंमत, एवढं सैन्य सांभाळण्याच्या काळजीइतकी नाही. चाहत्यांची फौज गोळा होईल, मग ती पोसत बस, असा प्रेमळ टोला आहे.

हे कोणाला उद्देशून आहे? स्त्रीला, तरुणाला, राजाला, की देवाला? फारसीत या प्रश्नाचं उत्तर देण्याची सक्तीच नाही. फारसीत नामाला लिंग नाही, क्रियापदाला नाही, सर्वनामालाही नाही. ‘ऊ’ म्हणजे तो, ती आणि ते, सगळं एकच. हजारो गझलांमध्ये ‘ऊ’ येतो, जातो, रुसतो, केस मोकळे सोडतो, आणि त्याच्यापुढची जागा मोकळीच राहते.

मराठीला हे फार जड जातं. आपण ‘आला’ किंवा ‘आली’ म्हटल्याशिवाय वाक्य पुरं करू शकत नाही. वरच्या शेराचं भाषांतर ‘तू लपलेली बरी’ असं केलं की संपलं. एका शब्दाने शिराझची सगळी हवा बंद होते. ‘लपलेला बरा’ म्हटलं तरी तेच. मी ‘चेहरा झाकावास’ असं वळण घेतलं, कारण तिथे क्रियापद चेहऱ्याच्या मागे जातं आणि माणूस मोकळा राहतो. मराठीत अशा पळवाटा आहेत, शोधाव्या लागतात. ‘ये’ म्हणताना लिंग लागत नाही. ‘येशील’ म्हणतानाही नाही. म्हणजे विनवणी आणि वाट पाहणं, प्रेमकवितेची ही दोन मुख्य कामं, मराठी फारसीइतकीच झाकून करू शकते. भूतकाळात मात्र सापडते.

आपल्या संतांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. ज्ञानदेव (१२७५ ते १२९६) आणि शिराझचाच कवी सादी (मृत्यू १२९०च्या सुमारास) हे समकालीन. ज्ञानदेवांच्या विरहिणींत बोलणारा पुरुष स्त्री होतो आणि देवाची वाट पाहतो. आपल्याकडे बोलणाऱ्याने रूप पालटलं. इराणात ज्याच्याशी बोलायचं त्याचं रूप झाकलं. दोन्हीकडे माणसाच्या प्रेमाची भाषा देवाला लावली गेली आणि दोन्हीकडे ती परत माणसांनी वापरली.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. जुन्या फारसी गझलेतला प्रिय व्यक्तीचा साचा पुष्कळदा तरुण मुलाचा आहे: साकी, दरबारातला सेवक, तुर्क सैनिक. म्हणूनच भुवया धनुष्य, पापण्या बाण, नजर तलवार. हाफिजची सर्वांत गाजलेली गझल शिराझच्या ‘तुर्का’ला उद्देशून आहे, त्याच्या काळ्या, म्हणजे त्या काळच्या भाषेत ‘हिंदू’, तिळावरून कवी समरकंद आणि बुखारा ओवाळून टाकतो. विल्यम जोन्स या इंग्रज पंडिताने १७७१ साली ती इंग्रजीत आणली तेव्हा तिथे गोड मुलगी आणून बसवली. त्याच्या वाचकांना ते सोयीचं झालं. पुढचे अनेक भाषांतरकार त्याच मार्गाने गेले. दुसऱ्या टोकाला असे टीकाकार होते ज्यांना प्रत्येक तिळात परमेश्वर दिसला. दोघांनीही तीच मोकळी जागा भरून टाकली.

माझं मत विचाराल तर ‘ही दारू खरी की आध्यात्मिक?’ हा प्रश्नच चुकीच्या टोकाने धरलेला आहे. वर बघा ना: ‘झुरणारे’ म्हणजे चाहते, ‘जहाँगीरी’ म्हणजे जग जिंकणं, ‘लश्कर’ म्हणजे फौज. हाच शेर प्रिय व्यक्तीला लागू आहे, राजाला आहे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या देवालाही आहे, आणि तिन्ही अर्थ एकाच वेळी जिवंत आहेत. एक निवडला की दोन मरतात. आणि ही गझल खरंच गुलबर्ग्याच्या दरबारात वाचली गेली असेल, तर समोर बसलेल्या सुलतानाला काय ऐकू आलं असेल?

या संदिग्धतेला कवीच्या आयुष्यात कारणही होतं. हाफिज हे नाव कुराण पाठ असणाऱ्याचं. तो धर्मग्रंथ मुखोद्गत असलेला माणूस होता आणि त्याच्या डोळ्यांदेखत १३५३ साली मुबारिझुद्दीन मुहम्मदाने शिराझ घेतलं, दारूचे गुत्ते बंद केले आणि धर्माचा धाक बसवला. हाफिजच्या गझलांत ‘मुहतसिब’, म्हणजे लोकांच्या वागण्यावर पहारा ठेवणारा अंमलदार, वारंवार येतो, आणि त्या शब्दाआड बऱ्याचदा खुद्द हा राजाच आहे असं मानतात. १३५८ साली त्याच्याच मुलाने, शाह शुजाने, त्याला पकडून आंधळं केलं. आता चौथा शेर वाचा:

शिकूहे ताजे सुल्तानी कि बीमे जाँ दर ऊ दर्ज अस्त
कुलाही दिलकश अस्त अम्मा ब तर्के सर नमी अर्झद

सुलतानाच्या मुकुटाचा डौल, ज्यात जिवाची भीती गुंडाळलेली आहे. टोपी देखणी खरी, पण डोकं गमावण्याइतक्या मोलाची नाही. ज्या शहरात राजे असे बदलत होते तिथे ही ओळ ऐकताना लोकांना अलंकार आठवला नसेल, माणसं आठवली असतील.

याच ओळीत फारसी काव्याची एक लाडकी करामत लपली आहे. ‘तर्क’ म्हणजे सोडणं, त्याग. आणि ‘तर्क’ म्हणजेच टोपी शिवताना जोडतात ती कापडाची फाक. टोपीचा विषय चालू असताना हा शब्द आला की दुसरा अर्थ मागून डोकावतो. याला ईहाम म्हणतात. आपल्या श्लेषाचाच हा भाऊ, पण श्लेष बहुधा टाळी मागतो आणि ईहाम गप्प बसून राहतो. सापडला तर सापडला.

पाचव्या शेरातही तो आहे, आणि इथे मराठीला संधी आहे. ‘चि आसाँ मी नमूद अव्वल गमे दर्या ब बू-ए सूद’. फायद्याच्या ‘बू’ने समुद्राचं दुःख सुरुवातीला किती सोपं वाटलं! चुकलो, हे तुफान शंभर मोत्यांच्याही मोलाचं नाही. ‘बू’ म्हणजे वास, आणि ‘बू’ म्हणजे आशा. पैशाच्या वासावर निघालो असं मराठीत म्हटलं तर निम्मं काम होतं. पण आपल्या जुन्या भाषेत ‘वास पाहणे’ म्हणजे वाट पाहणे. गंध आणि प्रतीक्षा, दोन्ही एकाच शब्दात. मूळचे ते दोन वेगळे शब्द असतील, कानाला मात्र एकच. हाफिजला मराठी येत असती तर हा शब्द त्याने सोडला नसता, असं मला मनापासून वाटतं.

गुलाब-बुलबुल, शमा-परवाना, सरूच्या झाडासारखा बांधा, साखळीसारखे केस: या ठरलेल्या प्रतिमांचा पुष्कळांना कंटाळा येतो. त्या बुद्धिबळाच्या सोंगट्या समजाव्यात. सोंगटी नवी नसते, चाल नवी असते. एक उदाहरण पुरे. तिसऱ्या शेरात ‘रकीब’ येतो. आज आपण रकीब म्हणजे प्रेमातला प्रतिस्पर्धी समजतो. हाफिजच्या काळी तो प्रिय व्यक्तीवर नजर ठेवणारा राखणदार होता. शेर सांगतो: रकीबाने मला फटकारलं, या दारावरून तोंड फिरव म्हणाला, माझ्या या डोक्याला झालंय तरी काय, की ते दारातल्या धुळीच्याही मोलाचं राहिलं नाही? राखणदार म्हटल्यावर ‘दार’ खरोखरचं दार होतं आणि उंबऱ्यावर अडवलेला माणूस दिसतो. आणि चौथ्या शेरात राजमुकुटासाठी जे डोकं द्यायला कवी तयार नाही, तेच डोकं इथे तिसऱ्यात कोणाच्या तरी उंबऱ्यावर कवडीमोल झालेलं आहे. शेर सुटे असतात म्हणालो खरं, पण ते एकमेकांकडे असे बघत असतात.

मीलनाबद्दल ही कविता फारसं बोलत नाही. निजामी या कवीने ११८८ साली लैला-मजनूची कथा काव्यात बांधली, त्याआधी शिरीनसाठी पहाड फोडणारा फरहाद रंगवला. मजनूलाही काही मिळत नाही, फरहादलाही नाही. रूमी या सूफी कवीचं ‘मसनवी’ हे दीर्घ काव्य सुरू होतं ती बोरूच्या बनातून तोडलेल्या बासरीच्या तक्रारीने. हवं ते मिळालेल्या माणसाला कविता लागत नाही, न मिळालेल्याला लागते, आणि न मिळालेल्यांची संख्या कोणत्याही शतकात कमी झालेली नाही.

डिसेंबरात वर्षातली सर्वांत लांब रात्र येते तेव्हा इराणी घरांत यल्दा साजरी होते. डाळिंबं सोलली जातात, कलिंगड कापलं जातं, आणि थोरलं कोणीतरी हाफिजचा दिवाण हातात घेतं. मनात प्रश्न धरायचा, डोळे मिटून पान उघडायचं, जी गझल येईल ती मोठ्याने वाचायची. हा ‘फाल’. हाफिजला ‘लिसानुल गैब’ म्हणतात, अदृष्टाची वाणी. हा कौल चालतो का? चालतो, आणि का चालतो ते वर आलंच आहे: सुटे शेर, लिंग नसलेलं सर्वनाम, दोन अर्थांचे शब्द. परीक्षेला बसलेली मुलगी आणि वारलेल्या नवऱ्याची आठवण काढणारी आजी एकच पान ऐकतात आणि दोघींना आपापलं उत्तर मिळतं.

एक विनंती करावीशी वाटते. मोबाइलवर हाफिज आणि रूमीच्या नावाने गोड वाक्यं फिरतात, सूर्य, हृदय, नृत्य वगैरे. त्यातली कित्येक मूळ फारसीत कुठेच नाहीत. इंग्रजीत भरपूर खपलेली काही ‘भाषांतरं’ फारसी न येणाऱ्यांनी रचलेली आहेत. खरा हाफिज एवढा मऊ नाही. त्याच्यात दंश आहे, किंमत केलेली आहे, भीती आहे. ज्या वाक्यात दार, रकीब, मुहतसिब, गोधडी यांपैकी काहीच टोचत नाही, ते पुढे पाठवण्याआधी जरा थांबावं.

गझलेचा शेवटचा शेर राहिला. हाफिजसारखा समाधानाने राहा, या क्षुद्र जगाला सोडून दे, असं पहिली ओळ म्हणते. दुसरी मी मुद्दाम आधी अर्थ न सांगता देतो. वियद्गंगेच्या चालीवर मोठ्याने वाचून बघा:

कि यक जौ मिन्नते दूनाँ दु सद मन झर नमी अर्झद

जौ म्हणजे जव, धान्याचा दाणा. मिन्नत आपल्या मिनतवारीत आहे. दु म्हणजे दोन, सद म्हणजे शत. मन म्हणजे मण, आपला वजनाचा मण. झर म्हणजे सोनं, जे आपल्या जरीत आणि जरीपटक्यात आहे. हलक्या माणसांचे जवभर उपकार घ्यावेत, एवढं मोल दोनशे मण सोन्यालाही नाही.

वाटखर्च पाठवणाऱ्या दरबाराला हे उत्तर होतं. फरिश्ता लिहितो की सुलतानाने गझल ऐकून घेतली, आणि न आलेल्या कवीसाठी शिराझला पुन्हा भेटवस्तू धाडल्या.